ळ नेमका आला कुठून? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या खेपेला जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की सगळी वर्णमाला काढून घेतली आणि एकच अक्षर ठेवायची परवानगी दिली तर मी ळ ठेवून घेईन. गंमत म्हणून लिहिलं होतं हो. पण इनबॉक्स भरला! कुणी कौतुकानं लिहिलंय, कुणी चिडून, एकानं तर "मॅडम, ळ हे अक्षर नाहीच, नळ गळतो त्याचा आवाज आहे" असं कळवलंय. तर आज फक्त ळ. सगळे प्रश्न घेणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केलेत आणि नावं नेहमीसारखी गाळलीत (गाळलीत, आला बघा).

प्रश्न (नाशिकहून, पहिलीतल्या मुलीची आई): ताई, होमवर्क आलाय, प्रत्येक अक्षराने सुरू होणारे दोन दोन शब्द लिहून आणा. ळ पाशी आम्ही आजी-आजोबांसकट सगळे अडकलोय. ळ ने सुरू होणारा एक तरी शब्द आहे का?

नाही. शोधत बसू नका, शब्दकोशही पालथा घालू नका. ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. म्हणून तर भिंतीवरच्या तक्त्यात "ळ बाळाचा" किंवा "ळ नळाचा" असतो, जसा "ण बाणाचा" असतो. बाकीची अक्षरं शब्दाच्या पुढच्या दारात उभी असतात, कमळातला क, गवतातला ग, आणि ळ बिचारा कमळाच्या मागच्या दारात. वहीत सरळ बाळ आणि कमळ लिहा, ळ खाली रेघ मारा, आणि बाईंना पेन्सिलीनं एक ओळ लिहून द्या की ळ ने शब्द सुरू होत नाही. रागावणार नाहीत, त्यांनीही तो होमवर्क कुठूनतरी फॉरवर्ड केला असणार.

पण असं का, हा प्रश्न तुमच्या मुलीनं विचारला तर तिला सांगायला एक गोष्ट आहे आणि आजचं सगळं सदर त्या एकाच गोष्टीवर उभं आहे. ळ हा मुळात वेगळा जन्मलेला वर्ण नाही. दुसरा एखादा वर्ण, बहुतेक वेळा ल किंवा ड, दोन स्वरांच्या मधे सापडला की त्याचा ळ व्हायचा. फ+अ, मग ल, मग परत अ, असा ल दोन्हीकडून स्वरांनी धरला की जीभ दाताशी टेकायला जायचा कंटाळा करते आणि वरच्या वर टाळूला शिवून परत येते. शब्दाच्या सुरुवातीला असा डावा-उजवा शेजार नसतो, तिथे ल आपला ल च राहतो. लोणी, लसूण, लाज, लेक. म्हणून ल शब्दाच्या सुरुवातीला येऊ शकतो आणि ळ येऊ शकत नाही. अंताक्षरीत ळ आला की आपण बिनदिक्कत ल वर गाणं म्हणतो ना, ती आपण आपोआप केलेली भाषाशास्त्रातली तडजोडच आहे, फक्त उलट्या दिशेनं.

प्रश्न (साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक, आणि साधारण हेच विचारणारे आणखी तिघं): आपण फळ म्हणतो पण फलाहार. शाळा पण शालेय. काळ पण कालखंड. मूळ पण मूलभूत. यात काही नियम आहे की आपला तोंडाला येईल तो कारभार?

सर, नियम आहे आणि तो इतका सुंदर आहे की मी पहिल्यांदा शिकले तेव्हा दोन दिवस येईल त्याला पकडून सांगत होते.

परवा भाचीचं लग्न होतं. मंगल कार्यालयात गेलो, गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली, आणि मग नवऱ्यानं मंगळसूत्र घातलं. एकाच मांडवात, तासाभराच्या आत, एकाच शब्दाची दोन रूपं. लग्न मंगळवारी होतं हे आणखी वर. मंगळसूत्र आणि मंगळवार हे शब्द पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडात घोळत आले, संस्कृतातून प्राकृतात, प्राकृतातून मराठीत, आणि त्या प्रवासात ल चा ळ झाला. मंगल कार्यालय आणि मंगलाष्टकं मात्र पोथीतून थेट उचलून आणलेले शब्द, प्रवास न केलेले, त्यांच्या ल ला धक्का लागलेला नाही. तुमच्या सगळ्या जोड्या याच आहेत. फळ, शाळा, काळ, मूळ हे चालत आलेले, आणि फलाहार, शालेय, कालखंड, मूलभूत हे विमानानं आलेले.

आता खरी मजा पुढे. चालत आलेल्या सगळ्या ल चा ळ झाला का? तर नाही. एकेरी ल चा ळ झाला, पण जोडलेला, म्हणजे दुहेरी ल्ल जो होता तो सैल होऊन मराठीत साधा ल झाला. जोडाक्षरातला ल जाड होता म्हणून त्याचा ळ होण्याची वेळ आलीच नाही असं समजा. आणि यातून मराठीतल्या त्या फसव्या जोड्या तयार झाल्या ज्या परक्या माणसाला वेड लावतात.

संस्कृत काल, म्हणजे वेळ, त्याचा झाला काळ. संस्कृत कल्य, म्हणजे पहाट, त्याचं प्राकृतात झालं कल्ल आणि मराठीत काल, म्हणजे गेलेला दिवस. म्हणजे आपला "काल" हा संस्कृत "काल" चा वंशजच नाही, दिसतो नुसता तसा! तसंच वेला ची झाली वेळ, आणि वल्ली ची झाली वेल. मूल चं मूळ, पण मूल्य चं आधी मोल्ल आणि मग मोल. पालन करणं ते पाळणं, पण पल्ली म्हणजे भिंतीवरची ती पाल. शल्य चं सल्ल, सल्ल चा सल, म्हणून मनात सल राहतो, सळ नाही. बिल्व चा बेल, तैल चं प्राकृत तेल्ल म्हणून तेल. तुम्ही आज "तेल" म्हणता तेव्हा दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दोन ल म्हणत होतं ते दोन ल जपून ठेवताय.

चालणे आणि चळणे हे तर सख्खे भाऊ. चलति वरून चळणे, म्हणून चळवळ, बुद्धी चळते, चळ लागतो. आणि प्राकृतात त्याच धातूचं चल्लइ असं जोरदार रूपही होतं, त्यावरून चालणे. एक भाऊ गावाला राहिला आणि जरा वेडसर ठरला, दुसरा रोज ऑफिसला चालत जातो.

आणि हो, गेला, आला, केला, बसला. रोज हजार वेळा वापरतो तो भूतकाळाचा ल. दोन स्वरांच्या मधे आहे, मग आपण गेळा, आळा, केळा का म्हणत नाही? कारण तो प्राकृतातल्या इल्ल या प्रत्ययातून आलाय, तिथे ल दुहेरी होता. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी जो मराठी मजकूर कोरलाय, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला "श्री चावुंडराजें करवियलें", त्यातही करवियलें मधे ल च आहे बघा. आणि गाव कुठलं, तर श्रवणबेळगोळ, नावात दोन ळ.

बाहेरून आलेल्या शब्दांचं सोपं आहे, ते ल घेऊन आले आणि ल घेऊनच राहिले. वकील, दलाल, महाल, हॉटेल, टेबल. म्हणून साल म्हणजे वर्ष (फारसी) आणि साळ म्हणजे भात (शालि). माल ट्रकमधला, माळ गळ्यातली. लाल रंग फारसीकडून, लाळ मात्र आपली स्वतःची.

अपवाद आहेत, नाही असं नाही. विठ्ठल विठ्ठलच राहिला, त्याला विठ्ठळ करायची कुणाची छाती झाली नाही. सकल आणि सकळ, निष्फल आणि निष्फळ दोन्ही चालतात. देवाधर्माच्या आणि कवितेच्या शब्दांवर पोथीचं लक्ष असतं, ते पूर्ण सुटत नाहीत. बाईचं नाव कमल आणि फूल कमळ, हे त्यातलंच.

प्रश्न (ठाण्याहून, स्वतःला "संस्कृतप्रेमी" म्हणवणारे वाचक): तुम्ही लिहिता की ळ हा अपभ्रंश होऊन आला. पण ऋग्वेदाची सुरुवातच "अग्निमीळे पुरोहितम्" अशी आहे. मग ळ वेदाइतका जुना नाही का? आणि असेल तर संस्कृतच्या वर्णमालेत तो का नाही?

प्रश्न आवडला, जरा दटावणीच्या सुरात आलाय तरी.

ऋग्वेदाच्या पहिल्या ऋचेतला दुसराच शब्द ईळे, "मी स्तुती करतो". मूळ धातू ईड्. आणि आता लगेच दुसरी ऋचा काढा. "अग्निः पूर्वेभिर्ऋषिभिरीड्यो नूतनैरुत". इथे तोच धातू, पण ईड्य, ळ गायब, ड हजर! एका ऋचेचं अंतर आणि एकाच धातूचे दोन अवतार. कारण? ईळे मधे ड च्या आधी ई आणि नंतर ए, दोन स्वर, म्हणून ळ. ईड्य मधे ड च्या नंतर य आलाय, व्यंजन, स्वर नाही, म्हणून ड राहिला. म्हणजे नाशिकच्या ताईंना वर जे सांगितलं तेच, फक्त ल च्या ऐवजी ड. ऋग्वेदाची जी शाकल शाखा आज म्हटली जाते तिचा हा नियम आहे, आणि ऋक्प्रातिशाख्यात, म्हणजे ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, तो स्पष्ट नोंदवलाय की दोन स्वरांमधल्या ड चा ळ आणि ढ चा ळ्ह. म्हणून "येन द्यौरुग्रा पृथिवी च दृळ्हा", नंतरच्या संस्कृतात जे दृढा. हा ळ्ह कधी वैदिकांच्या तोंडून नीट ऐका, अंगावर काटा येतो.

मग वर्णमालेत का नाही? कारण नंतरच्या, म्हणजे कालिदास वगैरेंच्या संस्कृतात तिथे सरळ ड च म्हणायला लागले, ईडे, दृढ. माहेश्वर सूत्रांमधे, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणातल्या वर्णांच्या यादीत, ळ नाही. ळ तिथे स्वतंत्र वर्ण नव्हताच, ड चा विशिष्ट ठिकाणचा उच्चार होता. पाली भाषेत मात्र तो भरपूर आहे. सोळाला पालीत सोळस म्हणतात, संस्कृत षोडश, आणि आपण सोळा. म्हणजे या बाबतीत आपली अंकलिपी पालीच्या जास्त जवळ बसते.

मराठीत या ड पासून आलेले ळ आजही घरात पडलेत. गुड चा गूळ. दाडिम चं डाळिंब. तडाग चं तळं. आणि हिंदीवाल्यांनी त्याच जागी काय केलं बघा, त्यांनी ड ला नुक्ता, म्हणजे खाली टिंब, दिला, गुड़. दोन स्वरांमधे ड ला काहीतरी होणार हे नक्की होतं, त्यांच्याकडे ड़ झाला, आपल्याकडे ळ. संक्रांतीला एकच ढेप फोडायची, नावं दोन.

अपभ्रंश हा शब्द मी वापरला नव्हता, तुम्ही वापरलात. बिघडून झाला असं मला वाटतच नाही. आणि ज्यांना तसं वाटतं त्यांनी ऋग्वेदाच्या दुसऱ्या शब्दाचं काय करायचं ते ठरवावं.

प्रश्न (सोलापूर): आमच्याकडे घरोघरी कानडी आहे. आमचे आजोबा म्हणायचे ळ हा कानड्यांनी मराठीला दिला. खरं का?

आजोबांचं सगळंच चुकीचं नाही, पण सगळं बरोबरही नाही.

कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या चारी भाषांत ळ आहे आणि पक्का आहे, आणि मजा म्हणजे तिथेही मूळच्या शब्दांत तो सुरुवातीला येत नाही. पण मग गुजरातीत ळ कुठून? राजस्थानीत, हरियाणवीत, पंजाबीत? पंजाबीत बोलतात, लिहिताना बहुतेक वेळा साधा ल लिहितात, पण ल खाली टिंब देऊन लिहायची सोय आहे. ओडियात तर आपल्यासारखंच फळ, जळ, कमळ. आणि ऋग्वेद रचला गेला तो सिंधू-पंजाबच्या बाजूला, तिथे कर्नाटक कुठे शेजारी होतं? मूर्धन्य वर्ण (जीभ टाळूकडे वळवून म्हणायचे ट, ड, ळ वगैरे) मुळात भारतीय भाषांमधे कसे आले, द्राविड संपर्कातून का आपोआप, यावर विद्वानांची भांडणं फार जुनी आहेत आणि मी त्यात पडणार नाही. माझं मत विचाराल तर ळ आपल्याकडे शेजाऱ्यांनी आणला नसावा, पण शेजाऱ्यांमुळे टिकला असावा. हिंदी-बंगालीच्या पट्ट्यात त्याचा परत ल होऊन गेला, इथे दोन्ही कानांवर ळ पडत राहिला त्यामुळे विसरला गेला नाही.

दक्षिणेची खूण म्हणाल तर दुहेरी ळ्ळ. मराठीत ळ्ळ जवळजवळ नाहीच, "खळ्ळ" असा काच फुटल्याचा आवाज सोडला तर. कन्नडमधे हळ्ळी म्हणजे खेडं, बेळ्ळी म्हणजे चांदी. ज्याला आपण हुबळी म्हणतो ते त्यांचं हुब्बळ्ळी. गोव्यात कुंकळ्ळी आहे, तिथेही तो नाद लागतो.

तमिळवाल्यांकडे तर तीन आहेत! ल, ळ, आणि तिसरा एक, जो इंग्रजीत "झेड एच" असा लिहितात आणि त्यामुळे सगळा घोळ होतो. तमिळ या शब्दाच्या शेवटी तोच तिसरा आहे. चोळ राजांच्या नावात तोच. तिकडच्या पक्षांच्या नावात येणाऱ्या कळगम मधे तोच. खासदार कनिमोळी यांच्या नावातही तोच, इंग्रजी स्पेलिंग वाचून हिंदी चॅनलवर त्यांचं कनिमोझी होतं आणि बरेच मराठी लोक तेच उचलतात. कृपा करून उचलू नका. आपल्याकडे ळ आहे, तो त्या आवाजाच्या कितीतरी जवळचा आहे. ज्याच्या खिशात सुट्टे आहेत त्यानं पाचशेची नोट कशाला मोडायची.

प्रश्न (अकोल्याची, सध्या पुण्यात हॉस्टेलला राहणारी विद्यार्थिनी): आम्ही डोया, काया, जवय असं बोलतो. इथे मैत्रिणी हसतात, म्हणतात तुला ळ येत नाही. मी घरी फोनवर बोलताना आता हळू आवाजात बोलते.

हळू बोलू नकोस गं. मोठ्यानं बोल.

तुला ळ येत नाही असं नाहीये, तुझ्या बोलीत ळ चा य झालाय आणि तो नियमानं झालाय, ज्या शब्दात प्रमाण मराठीत ळ त्या शब्दात तुझ्याकडे य. डोळा डोया, काळा काया, पोळा पोया. खानदेशातही असंच. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतलं मन "वढाय" आहे ते काय, ओढाळ. ओढाळ गुरासारखं, दावं तोडून दुसऱ्याच्या पिकात शिरणारं. ती कविता म्हणताना पुण्यातल्या त्याच मैत्रिणींचे डोळे भरून येतात ना? मग डोया म्हटल्यावर हसायचं काय कारण?

आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरलीस तर तिसराच प्रकार. आगरी-कोळी बोलीत ळ चा ल होतो, ण चा न होतो. नारळी पौर्णिमेची नारली पुनव. खुद्द कोळी हा शब्द ते कोली म्हणतात. म्हणजे महाराष्ट्रात ळ ला तीन रस्ते आहेत, ळ, य आणि ल, आणि पाठ्यपुस्तकात त्यातला एक गेला एवढंच. मैत्रिणींना विचार, त्या वरळी म्हणतात ना, मग तिथल्या मूळ रहिवाशांना विचारून आलात का म्हणावं.

परीक्षेत मात्र ळ लिही. ते वेगळं.

प्रश्न (न्यू जर्सी, दोन मुलांचे बाबा, आणि असाच प्रश्न बेंगळुरूच्या एका हिंदीभाषक सुनेचा): ळ शिकवायचा कसा? मुलगा "बाल", "साला", "काला" म्हणतो. साला म्हणतो तेव्हा आजी दचकते.

हाहा. शाळा ला साला म्हणणारी मुलं मी इथेही पाहिलीत, आजीला सांगा सवय होईल.

जीभ कुठे जाते ते आधी स्वतः बघा, आरशासमोर. ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, दिसतं सुद्धा. ळ म्हणताना टोक मागे वळून टाळूला लागतं, खालून जिभेची निळसर बाजू दिसते, आणि मग ते टोक पुढे झटकन पडतं, हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी निसटते. मुलाला ट येत असेल (अमेरिकेतल्या मुलांना मराठी ट सुद्धा जरा शिकवावा लागतो) तर ट ची जागा धरा. "अट" म्हणायला लावा, ट फोडू न देता तिथेच जीभ थांबवायची, आणि तिथून आवाज सुरू करायचा, "अळ". एकटा ळ म्हणायला लावू नका, तो मोठ्यांनाही जड जातो, नेहमी दोन स्वरांच्या मधे द्या. आळा, इळी, उळू. अर्थ नसला तरी चालतो. मग तळ्यात-मळ्यात खेळा, उड्या मारता मारता पन्नास ळ होतात आणि शिकवतोय हे कळत नाही. शेवटी "काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले". हे मला अजून एका दमात जमत नाही.

त्याला अजून एक आमिष. स्वीडन-नॉर्वेमधे र आणि ल एकत्र आले की असाच आवाज होतो, तिथल्या माणसाचं कार्ल हे नाव आपल्या कानाला "काळ" च्या फार जवळ लागतं. म्हणजे हा फक्त आजीचा हट्ट नाही, व्हायकिंगांच्या नातवंडांनाही जमतो.

बेंगळुरूच्या ताई, तुम्ही ज्या गावात राहता त्याच्याच नावात ळ आहे, रिक्षावाल्याकडून शिका. तुम्ही विचारलंय की हिंदीत टिळकांचं तिलक आणि होळकरांचं होलकर करतात ते मराठी लोकांना इतकं का लागतं. लागतं कारण आडनावं बदलतात. माझ्या आडनावात ळ आहे. एका ऑफिसात फॉर्म भरून घेणाऱ्यानं त्याचा ल केला, मी तेव्हा म्हटलं जाऊ दे, आणि पुढची अकरा वर्षं तो ल माझ्या मागे फिरला, बँकेत, पासपोर्टला, घराच्या कागदांवर, प्रत्येक ठिकाणी "या दोन्ही व्यक्ती एकच आहेत" असं प्रतिज्ञापत्र. पण खरं सांगायचं तर आपणही साधू नाही. हिंदीतला लड़का आपण लडका लिहितो आणि ड़ चा नुक्ता गिळून टाकतो, तेव्हा त्यांना काय वाटतं कुणी विचारलंय?

प्रश्न (अनेक जण): ळ वर्णमालेत शेवटी का? आणि मोबाईलवर कसा लिहायचा?

ह च्या नंतर येतो कारण बाकीची रांग संस्कृतच्या हिशोबानं आधीच लागलेली होती, ळ नंतर येऊन शेवटी उभा राहिला, मग क्ष आणि ज्ञ. कॉम्प्युटरनं मात्र हे मानलं नाही. युनिकोडमधे ल चा नंबर ०९३२ आणि ळ चा लगेच ०९३३, ल च्या मांडीला मांडी लावून. (आणि ०९३४ वर टिंबवाला ऴ, तो वर सांगितलेल्या तमिळ आवाजासाठी केलेला.) इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर एन दाबला की ल आणि शिफ्ट धरून एन दाबला की ळ. उच्चाराप्रमाणे टाइप करायच्या बऱ्याच कीबोर्डांत कॅपिटल एल.

खरा गोंधळ रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांचा. "एम ए एल ए" म्हणजे मला, माला, माळा का मळा? माझ्या भावानं एकदा ग्रुपवर लिहिलं की आज त्याची पाळी आहे, म्हणजे आईजवळ दवाखान्यात थांबायची, आणि अर्ध्या ग्रुपनं ते पाली वाचून विचारलं, दर्शन झालं का बल्लाळेश्वराचं? गोव्यात हा प्रश्न कधीच सोडवलाय. रोमी कोंकणीत ळ साठी दोन एल लिहितात. दोळे, सकाळ, फळ, सगळीकडे डबल एल. इतकं सोपं आहे, पण आपण काही ते घेणार नाही.

प्रश्न (जर्मनीत नोकरी करणारी वाचक): डॉक्टरकडे गेले आणि मळमळतंय हे तरी सांगता आलं, पण जळजळ, कळ आणि तळमळ यातला फरक काही केल्या सांगता येईना. आपल्या सगळ्या दुखण्यांमधे ळ च का?

सगळ्या नाही हं, ठणका आहे, चमक आहे, उसण आहे. पण तुमचं निरीक्षण पक्कं आहे. मळमळ, जळजळ, तळमळ, कळवळ, हळहळ, वळवळ. आणि वाहणारं काही असलं तरी, खळखळ, घळघळ, भळभळ, सळसळ. मला वाटतं आवाजाचाच गुण आहे, जीभ टाळूवरून घरंगळत खाली येते (घरंगळत!) आणि आतल्या आत काहीतरी हलतंय, एका जागी थांबत नाहीये असं वाटतं. ठणका एका जागी ठोके देतो, त्यात ठ आणि क आहेत, ठाम. मळमळ कुठे होते ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

डॉक्टरांना पुढच्या वेळी असं सांगा. जळजळ म्हणजे आग, छातीत किंवा लघवीला. कळ म्हणजे लाटेसारखी येते, टोकाला जाते आणि ओसरते, पोटात, दाढेत, बाळंतपणात. तळमळ शरीराची कमी आणि झोप न लागण्याची जास्त, कूस बदलत राहणं. त्यांनी लिहून घेतलं की मला कळवा, मला त्यांचे तीन शब्द हवे आहेत.